आरटीईच्या मुलांमुळे दर्जा घसरत नाही

आज सकाळी माझ्या मुलीच्या शाळेतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका पालकांनी लिहिले की, आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर प्रवेश मिळालेली मुले आल्यापासून वर्गाचा दर्जा घसरला आहे, शिक्षकांचा सगळा वेळ त्यांच्यामागे जातो, आणि आपण पूर्ण फी भरूनही आपल्या मुलांनी हे का सोसायचे. त्याखाली भराभर अंगठे उमटले. त्यांतील बरीच माणसे मला शाळेच्या फाटकापाशी रोज भेटणारी, हसून बोलणारी आणि मुलीचा डबा राहिला तर आवर्जून फोन करणारी आहेत. म्हणूनच मला तेथे दोन ओळींत उत्तर देता आले नाही आणि येथे सविस्तर लिहावे लागत आहे.

मी हमालाची मुलगी आहे. आमचे अण्णा १९७२च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातून पुण्यात आले आणि आयुष्यभर मार्केट यार्डात भुसार बाजारातील एका टोळीत शंभर शंभर किलोंची पोती वाहिली. मी शिकले याचे श्रेय नातेवाईक माझ्या हुशारीला देतात, तेव्हा मला ते पटत नाही, कारण अण्णांच्या टोळीतील इतरांच्या मुली माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हत्या. १९६९ साली महाराष्ट्रात ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदा झाला, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यातील हमालांना संघटित केले, मजुरी या कायद्याखालच्या माथाडी मंडळामार्फत मिळू लागली आणि मजुरीखेरीज व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या लेव्हीच्या रकमेतून भविष्यनिर्वाह निधी व बोनस मिळू लागला. अण्णांचा गुडघा गेला त्या वर्षी आमच्या घरात त्या निधीचे पैसे नसते, तर दहावीनंतर मी कोणाच्या तरी घरी पोळ्या करायला गेले असते. आपली मुले पुढे जातात त्यामागे घरचा पैसा, घरची माणसे आणि घराला मिळालेली सुरक्षितता किती असते, हे आपण हिशेबात धरतच नाही.

दहावीचा निकाल लागल्यानंतरची एक दुपार मी येथे सांगते. मला विज्ञान शाखेला जायचे होते आणि त्यासाठी बाहेर क्लास लावावा लागतो हे मला निकालानंतर शेजारच्या मुलीकडून कळले. अण्णा त्या दिवशी सकाळी मिरचीची गाडी खाली करून थेट माझ्याबरोबर आले. क्लासच्या कार्यालयात पाऊल टाकताच तेथील बाई शिंकू लागल्या, मग बाकावर बसलेले आणखी दोघे शिंकले, आणि अण्णांच्या लक्षात आले की आपल्या सदऱ्यात मिरचीची धूळ बसली आहे. काही न बोलता ते बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. आत मी एकटी, पंधरा वर्षांची. त्या बाईंनी फीचा आकडा सांगितला आणि मी मान हलवली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एका मुलाचे वडील बसले होते. त्यांनी संचालकांना बाहेर बोलावून घेतले, कोणत्या तरी सामाईक ओळखीचा विषय काढला, फी कमी करून घेतली आणि उरलेली रक्कम तीन हप्त्यांत देण्याचे ठरवले. त्या मुलाला माझ्यापेक्षा गुण कमी होते. सवलत मागता येते हेच मला ठाऊक नव्हते, आणि ज्यांनी ती मागायची ते जिन्यात उभे होते. आम्ही परत आलो.

मी पुढे शाखा बदलली, पदवी घेतली, स्पर्धा परीक्षा देऊन बँकेत लागले. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या मुलाने त्या दिवशी काहीही गैर केले नव्हते, त्याच्या वडिलांनीही नाही. पण जेथे संधी वाटल्या जातात तेथे आत बसून बोलणारे कोणीतरी आपले असावे लागते, आणि ते असणे हा त्या मुलाचा गुण नव्हता. आपल्या समाजात या जिन्याला जातीची पायरीही जोडलेली आहे, हे येथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता आरटीईविषयी. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद वैध ठरवली. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे आणि प्रवेश सोडतीने होतो. म्हणजे ज्या मुलाच्या नावाची चिठ्ठी निघाली ते सुदैवी, आणि ज्याची निघाली नाही त्याच्यासाठी जिना आहेच. एवढी चिमूटभर तरतूदही आपल्याला खुपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खाजगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले, तेव्हा आमच्या याच गटावर समाधान व्यक्त झाले होते. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असे ठिकाण शोधून दाखवावे! जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, म्हणून ही मुले आज वर्गात दिसत आहेत.

या मुलांच्या फीची भरपाई म्हणून द्यायची प्रतिपूर्तीची रक्कम सरकार शाळांना वेळेवर देत नाही, हे मान्य करावे लागते. काही सुस्थितीतील पालक खोटे दाखले काढून या जागा लाटतात, हेही खरे आहे. पण थकबाकी सरकारची आणि लबाडी धनवंतांची असताना राग सहा वर्षांच्या मुलांवर का काढायचा?

दर्जा म्हणून आपण नेमके काय मोजतो, तेही पाहावे. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगी आहे, जिची आई चार घरी धुणीभांडी करते. मागच्या महिन्यात जलचक्राचा प्रकल्प होता. माझ्या मुलीने माझ्या लॅपटॉपवरून रंगीत चित्रे छापली, थर्माकोल आणला, तिच्या बाबांनी तो कापून दिला. त्या मुलीने जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने ढग, डोंगर आणि विहीर काढली होती आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरून विहिरीत कसे येते ते बाणांनी बरोबर दाखवले होते. माझ्या मुलीच्या थर्माकोलात जमिनीखालचे पाणी नव्हतेच. शेरा मात्र आमच्या थर्माकोलला चांगला मिळाला. तिच्या वहीवर "सादरीकरण सुधारा" असे लिहिले होते. मला पुन्हा तो क्लास आठवला, जेथे गुणपत्रिका माझ्या हातात होती आणि तरी ती कोणी मागितली नाही.

सकाळचा राग आता थोडा ओसरला आहे. त्या पालकांनी आपल्या फ्लॅटचा हप्ता आणि शाळेची फी ओढाताणीने भरली असेल, आणि आपल्या मुलाच्या वाट्यातले काही जाईल ही भीती त्यांच्या बोलण्यामागे असेल, हे मला समजते. परंतु आठवीनंतर आरटीईचे संरक्षण संपते, आणि आठ वर्षे एका बाकावर बसलेल्या मुलाला नववीत पूर्ण फी भरा किंवा शाळा सोडा असे सांगितले जाते, तेव्हाची त्या घरातील भीती याहून मोठी असते.

शनिवारी पालकसभा आहे. आठवी पूर्ण करणाऱ्या आरटीईच्या मुलांची नववी-दहावीची फी पालकांच्या निधीतून भरावी, प्रकल्प घरी न देता वर्गातच शाळेच्या साहित्यातून करून घ्यावेत, आणि सहल सर्वांना परवडेल अशाच ठिकाणी न्यावी, असे तीन मुद्दे मी लेखी देणार आहे. शाळेतील जे पालक माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांनी अर्जावर सही करायची असल्यास शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवावे.