गाडीवर नक्षी काढायची सोपी रीत

पाडव्याला काळी गाडी घेतलीत? ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहून काळी! अभिनंदन. आता नक्षीकामाला लागा.

सकाळी बॉनेट बघा. कासारवडवली मेट्रोचं काम आणि भोवतालचे टॉवर, दोघांची धूळ रात्रभर साचलेली असेल. तिच्यात वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोहस मापावर त्यांचा कठीणपणा ७, तर साध्या सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास. इतकी बारीक कानस फुकट दारात आल्यावर पाणी कशाला सांडायचं? कोरडं फडकं घ्या, दाबा आणि पुरण घोटल्यासारखं गोल गोल फिरवा. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. चिकाटी ठेवलीत तर दिवाळीपर्यंत फरक दिसेल.

फडकं म्हणून जुना शर्ट उत्तम, बटणांसकट. खाली पडला तर झटकून पुढे चालू.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या नादी लागू नका. ते आधी पाइपाने नुसतं पाणी मारून रेती वाहवून देतात. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि हातमोजा दर फेरीला दुसरीत खळबळून घ्यायचा. टपापासून खाली यायचं, चाकांना वेगळं फडकं. एवढं करून पाऊण तास जातो हो! तेवढ्यात आपला गाडी पुसणारा अख्खी विंग उरकतो, एका बादलीत. चौथ्या गाडीला पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तुमचा नंबर अठरावा, म्हणजे आधीच्या सतरा गाड्यांची रेती तुमच्या बॉनेटला पोहोचते. याला शेजारधर्म म्हणतात. (त्याला बोल लावू नका. पार्किंगला नळ एकच, तोही कमिटी साडेसातला बंद करते.)

रविवारी स्वतः धुणार असाल तर भरदुपारी, तापल्या पत्र्यावर, भांडी घासायच्या साबणाने. मेणाचा थर जातो आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके जागच्या जागी वाळतात.

मग एखाद्या संध्याकाळी उपवनला तलावाकाठी गाडी लावा. येऊरच्या डोंगराआड जाण्याआधी तिरपं ऊन बॉनेटवर येतं, तेव्हा बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं कसं लखलखतं बघा. माझ्या गाडीवरचं तीन वर्षांचं आहे. या, दाखवतो. थांबा, जरा धूळ बसलीय, फडकं आणतो.