‘ही कसली सायकल टूर?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मार्वे ते सोपारा (मुंबईतल्या मालाडजवळून नालासोपाऱ्यापर्यंत आणि परत) या सायकलफेरीवरच्या माझ्या लेखाखाली आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. 66 किलोमीटरला अकरा तास लावायचे, त्यातही तीनदा बोटीत बसायचं, याला टूर म्हणू नये, हा फेरफटका झाला. काकांनी निवृत्तीच्या वर्षी मनाली–लेह केलं. तसल्या वाटेवर माणूस स्वतःला भेटतो, घराजवळ काय मिळणार? 1923 साली मुंबईहून निघून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पारशी तरुणांचं हे शहर, त्याचा तरी आब राखा. आणि शेवटी, संध्याकाळच्या रहदारीत लोकांना दहिसरवरून सायकलने परत यायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं पूर्ण बरोबर आहे. भाईंदर ते मालाड हा परतीचा टप्पा मी एका वाक्यात उरकला होता. जड वाहनं, अंधार आणि दिवसभराचे थकलेले पाय, या तिन्हींची गाठ तिथे पडते. लेख दुरुस्त केला आहे. आता त्यात स्वच्छ लिहिलं आहे की पहाटे निघा, दुपारी तीनच्या आत परतीची बोट धरा, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, आणि उशीर झालाच तर टेम्पोत सायकल टाकून घरी या. चूक दाखवलीत, आभारी आहे.

बोटीचं मात्र पटलं नाही. वरळीचा सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतू, तिन्हींवर सायकलला बंदी आहे. पाणी ओलांडायचं तर आम्हाला बोटच उरते. किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जाणारे सायकलस्वारही आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड हे टप्पे बोटीनेच पार करतात. त्यांना कुणी फेरफटका म्हणत नाही. आणि मार्वेला ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याच्या कितीतरी खाली उभी असते. सायकल वरून खाली द्यावी लागते. खलाशी पुढचं चाक पकडतो, आपण सीटखालची नळी धरून वाकायचं, आणि मधल्या त्या क्षणी सायकलचा सगळा भार दोन अनोळखी माणसांच्या हातांवर असतो. तो अर्धा मिनिट मला सहलीतून वजा करता येत नाही.

आता मूळ गोष्ट. घराजवळ काय मिळतं?

लांबचं मी केलेलं नाही असं नाही. 2019 च्या डिसेंबरात मुंबई–गोवा सागरी मार्गाने आठ दिवसांत केलं. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी थांबून खाली दिसलेला समुद्र अजून डोळ्यांसमोर आहे. पण रजा मोजून मिळाली होती, मुक्काम आधी ठरलेले, आणि चौथ्या दिवसापासून उजवा गुडघा बोलायला लागला होता. मग रोज एकच हिशेब, आज किती झाले आणि किती उरले. रत्नागिरीच्या पुढे पूर्णगडची खाडी मी पुलावरून ओलांडली, हे मला घरी येऊन फोटो बघताना कळलं. सायकलवरून गेलेल्या माणसाला खाडी आठवू नये, याचं मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

त्यानंतर मी हा जवळचा रस्ता धरला. घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांचं रात्रीचं औषध माझ्या हातून असतं, त्यामुळे सकाळी निघून संध्याकाळी घरात, एवढीच दोरी. 2024 च्या फेब्रुवारीत भाईंदर–वसई रो-रो, म्हणजे वाहनंही नेणारी बोट, सुरू झाली आणि ही फेरी एका दिवसात बसायला लागली. तेव्हापासून सहा वेळा तिथे गेले आहे. तुम्ही विचारता, एकाच रस्त्यावर सहा वेळा कशाला? काका, माझं सगळं म्हणणं त्या सहामध्येच आहे.

भाईंदरच्या अलीकडे राई आणि मुर्ध्याकडची मिठागरं घ्या. पहिल्यांदा गेले तेव्हा पांढरे ढीग पाहून फोटो काढला आणि पुढे निघाले. पावसाळ्यात गेले तर तिथे नुसतं पाणी, मीठ कुठे पिकतं ते सांगूनही पटलं नसतं. दिवाळीनंतर बांध लिंपण्याचं काम चाललेलं दिसलं, माणसं पायांनी चिखल तुडवत होती. उन्हाळ्यात फळ्यांनी मीठ ओढताना होणारा आवाज ऐकला, ओल्या वाळूवरून लाकूड घासल्यासारखा. आता रस्त्याच्या त्या वळणावर आले की आपोआप पाय थांबतात, आज काय चाललंय ते बघायला. आपल्या ताटातलं मीठ कसं पिकतं हे चाळिशी उलटून गेल्यावर, घरापासून दोन तासांवर कळलं. लेहला मी जन्मात एकदा जाईन, फार तर दोनदा. तिथल्या एका जागेचे सहा महिने, सहा तऱ्हा मला कशा दिसणार?

उत्तनचंही तसंच. गाडीतून त्या रस्त्याने दहा वेळा गेले असेन, बोंबील वाळत घातलेले दिसायचे आणि वास आला की काच वर जायची. जानेवारीत चेन उतरली म्हणून बरोबर त्या मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्यांपाशीच उतरले. हात काळे झाले होते, तिथल्या एका मावशींनी डब्यातून पाणी ओतलं. तेव्हा जवळून पाहिलं. दोरीवर बोंबील एकेकटा नसतो, जोडीने असतो. एकाचा जबडा उघडून त्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीच्या दोन बाजूंना सोडायची. मावशींचा हात इतका चालत होता की नजर ठरत नव्हती. मी एक जोडी करून बघितली तर दात बोटात रुतले. मावशी हसून म्हणाल्या, “जोडी नाय लावली तर वाऱ्याला राहत नाय गो.” पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी लांबूनच हात केला. त्या हात करण्यासाठी मी पुन्हा 66 किलोमीटर जाईन.

सोपाऱ्याबद्दल मूळ लेखात घाईत लिहिलं होतं. कितीतरी वर्षं विरार लोकलमधून नालासोपारा स्टेशन मागे टाकलं, पण तिथला स्तूप सायकलनेच पहिल्यांदा पाहिला. पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तो 1882 मध्ये उकरला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांच्या हाती लागला. त्या लेखात काय आहे माहीत आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि मौजमजा करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधीस्थानी गेलो आणि तेव्हापासून यात्रा म्हणजे साधुसंतांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि खेड्यापाड्यातल्या लोकांची भेट, असं राजा सांगतो. प्रवासाला निघावं कशासाठी, यावरचा सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर, आणि तो सापडला आपल्या वेस्टर्न लाइनवर! विटांच्या त्या उंचवट्याजवळ सावलीला बसून मी डबा खाल्ला तेव्हा मनात मावशींचे बोंबील आणि मिठागरातला चिखल तुडवणारी माणसं होती.

त्या पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पारशी तरुणांबद्दल, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा यांच्याबद्दल, तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. 1923 ते 1928, सुमारे 71,000 किलोमीटर, इराण, इराक, सीरियातून सिनाईच्या वाळवंटापर्यंत आणि पुढे सगळं जग, आजच्यासारखे रस्ते नसताना. त्यांची मोठेपणाची जागा मोठीच आहे. पण त्यांचं नाव घेऊन रविवारी पहिल्यांदा सायकल बाहेर काढणाऱ्या बाईला ‘हे काही खरं नाही’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही. माझ्या लेखाखाली तीन जणींनी लिहिलं आहे की त्या नुसत्या मार्वेसमोरच्या मनोरीपर्यंत जाऊन आल्या. त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

आणि काका, एक विचारायचं राहिलं. तुमच्या प्रतिक्रियेत तांगलांग ला ही खिंड 5,328 मीटरवर आहे, रोज किती तास चालवली, किती दिवसांत पोचलात, हे सगळं आहे. पण त्याच्या आधी एक अर्धं वाक्य आहे. वाटेतल्या पांग इथे तंबूच्या ढाब्यावर थंडीने बोटं वळेनात, तर तिथल्या बाईने तुमचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चुलीसमोर धरले, “तिचा चेहरा अजून आठवतो” असं लिहून तुम्ही पुढच्या आकड्यावर गेलात. ती कोण होती, काय बोलली, निघताना तुम्ही तिला काय म्हणालात? ते पूर्ण लिहा ना. इथेच लिहा, कितीही लांब झालं तरी चालेल.