दप्तर तपासण्याआधी

इंदूरच्या पालकसभेत नशेचा विषय निघाला की मागण्या ठरलेल्या: दप्तरं तपासा, लघवीची चाचणी करा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं, तेव्हापासून तिसरी भर पडली: ‘एक मॅडम बसवा.’ बसवा की. पण मॅडमना सांगितलेलं प्रिन्सिपॉलच्या टेबलावर जातं हे एकदा पोरांना कळलं, की त्या खोलीत कुणी फिरकत नाही.

चाचणीचं तर विचारूच नका. नेहमीच्या पट्टीवर व्हाइटनरचा वास ओढलेला दिसतच नाही, दारू लवकर उतरते, आणि रोज गांजा ओढणाऱ्याचा अंश मात्र कित्येक आठवडे टिकतो. म्हणजे सुट्टीतला सापडतो, आजचा सुटतो.

इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात, २०१६ च्या कायद्यानं शाळांना दोन इयत्तांतल्या मुलांची तोंडी विचारपूस करायला लावली. नको असेल तर पालक लेखी नकार देऊ शकतात. पण मुलाचं उत्तर लेखी संमतीशिवाय बाहेर जात नाही, तातडीचा वैद्यकीय प्रसंग किंवा कायद्याची सक्ती सोडली तर. आणि मुलाची ओळख पटेल अशी नोंदही ठेवायची नाही. आपल्याकडे नेमकं हेच कलम कुणी मागत नाही.

ही विचारपूस पाच मिनिटांची. आधी, गेल्या बारा महिन्यांत किती दिवस काय घेतलं. मग सहा प्रश्न. त्यातला पहिला, न घेणाऱ्यालाही विचारायचा, नशेतल्या माणसाच्या गाडीत बसण्याचा. इंदुरात तो स्कूटीवर मागे बसण्याचा करावा लागेल. दोन किंवा जास्त ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी. त्याआधी समुपदेशक विचारतो, “सोडायची तयारी दहापैकी किती?” मुलगा म्हणतो, “तीन.” इथे नवखा हमखास चुकतो: “आठ का नाही?” विचारतो, आणि मुलगा सबबी सांगू लागतो. विचारायचं असतं, “एक का नाही?” मग सोडण्याची कारणं तोच सांगतो.

गुप्ततेच्या मर्यादा सुरुवातीलाच सांगाव्यात: जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल (पॉक्सो कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे) तर गप्प राहता येणार नाही. पुढचा पत्ताही हाताशी हवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास फुकट चालतो. नुसता नंबर हातात देऊन मुलाला वर्गात धाडू नये, पहिला फोन तिथेच बसून लावावा.

अमेरिकेचं सगळंच उचलायचं नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला, पोलीस वर्गात येऊन धडे देणारा ‘डेअर’ कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. मुलांच्या नशेवर त्याचा टिकाऊ परिणाम अभ्यासांत दिसला नाही. आपण तेच व्याख्यान, तीच शपथ आजही ठेवतो, वर फोटो.

विचारपुशीचं बोलावणं रोल नंबरानं, ओळीनं सगळ्यांना जावं. एकट्याचीच चिठ्ठी आली, तर शेजारच्या बाकाला मधल्या सुट्टीआधीच सगळं समजलेलं असतं.