मार्नर गेला, वाटा पेढे

सकाळपासून ग्रुपवर कॅनडा डेच्या शुभेच्छा कमी आणि हॉकीवाला मार्नर टीम सोडून गेल्याचा जल्लोष जास्त चाललाय. एकाने तर पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'ब्याद गेली एकदाची'. दुपारी पार्कात बार्बेक्यूला गेलो तर तिथेही तेच, एका हातात कणीस, दुसऱ्या हातात फोन, आणि 'बरं झालं, प्लेऑफ आले की गायब होतो साला'. घरी आलो, चहा केला आणि आता हे लिहायला बसलोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

पुण्याकडच्या मित्रांसाठी थोडक्यात, कारण तुमच्यासाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले आणि तिथेच विषय संपतो. इथली हॉकी बर्फावरची. आमची टोरंटोची टीम मेपल लीफ्स, शेवटचा स्टॅन्ली कप जिंकली १९६७ साली, तेव्हा माझ्या आईबाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मिच मार्नर हा इथलाच पोरगा, मार्कहॅमला जन्मलेला, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, चौथ्या नंबरवर घेतलेला, जर्सी सोळा नंबरची. २०२४-२५ च्या सीझनला १०२ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून), टीममध्ये सगळ्यात जास्त. नऊ सीझनमध्ये मिळून ७४१ पॉइंट आणि त्यातले ५२० असिस्ट, म्हणजे गोल मारला दुसऱ्याने पण पक (बर्फावरची चकती) त्याच्या काठीपर्यंत नेऊन दिला याने. काल तो व्हेगसला गेला, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर, आणि बदल्यात आपल्याला मिळाला वर्षाला ३० लाखवाला निकोलस रॉय. आणि लोक पेढे वाटतायत!

मला खरा राग आलेला आहे तो मे महिन्यातला, आजच्या पेढ्यांनी तो वर आला इतकंच.

१८ मे, रविवार, लाँग वीकेंड, प्लेऑफमध्ये फ्लोरिडाविरुद्ध गेम सेव्हन, म्हणजे सिरीजची सातवी, शेवटची मॅच, आणि तीही आपल्या घरात. एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही सगळे जमलेलो, मिसळ, पाव, पोरंटोरं, दंगा. सिरीजमध्ये आपण २-० ने पुढे होतो हे लक्षात घ्या, तिथून घसरत घसरत गेम सेव्हनला आलो आणि तिसरा, शेवटचा पिरियड संपला तेव्हा स्कोअर ६-१, फ्लोरिडाचे सहा. टीव्हीवर लोक अंगातल्या जर्सी काढून बर्फावर फेकत होते. आणि आमचा यजमान, चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, माझ्या मुलाला म्हणतो, 'काढ रे ती सोळा नंबरची जर्सी, माझ्या घरात नको.' सगळे हसले. पोरानं एक शब्द काढला नाही. जर्सी काढली, घडी केली, बॅगेत घातली आणि बनियनवर बसून राहिला. बेसमेंटमध्ये मे महिन्यातसुद्धा गारठा असतो हो. मी मित्राला तिथेच सुनावलं, मग वहिनी ताक घेऊन आल्या आणि विषय बदलला. सगळ्यांचा बदलला, माझा नाही बदलला.

कारण मला एक सांगा, त्या रात्री आपला एकुलता एक गोल कोणाचा होता? मॅक्स डोमीचा. मॅथ्यूजचा नाही, नीलँडरचा नाही, तव्हारेसचा नाही, मार्नरचा नाही. टीमचे सगळ्यात महागडे चौघे, चौघेही कोरे. पण जर्सी काढायला लावली सोळा नंबरची. त्याच बेसमेंटमध्ये एक चौतीस नंबरवाला, म्हणजे मॅथ्यूजची जर्सी घातलेला, पण बसला होता, त्याला कोणी काही बोललं नाही, तो निवांत तिसरी प्लेट मिसळ खात होता.

बेंचवर उभा राहून टीममेट्सवर ओरडत होता मार्नर, जागे व्हा म्हणून. तेही लोकांना खटकलं. गप्प बसला असता तर म्हणाले असते याला काही पडलेलंच नाही. आणि त्याच सिरीजची दुसरी गेम कोणी जिंकून दिली होती? फ्लोरिडाने बरोबरी केली आणि काही सेकंदांत याने गोल मारला, ४-३. तेव्हा याच मित्राने माझ्या मुलाला उचलून नाचवलं होतं. तीच जर्सी होती अंगात.

बरं, प्लेऑफमध्ये तो तेवढा खेळत नाही हे खरं आहे. मान्य. ७० मॅचमध्ये ६३ पॉइंट वाईट नाहीत, पण गोल फक्त १३, आणि निर्णायक मॅचला तर काहीच दिसत नाही. मलाही दिसतं, मीही टीव्हीसमोर बसून शिव्या घातल्यात. पुढे.

पुढचा मुद्दा पैशाचा, आणि इथे माझं डोकं खरंच फिरतं. सॅलरी कॅप होती ८ कोटी ८० लाख डॉलरची. म्हणजे पूर्ण टीमचा पगार मिळून त्याच्यावर जायचा नाही. त्यातले साडेचार कोटींहून जास्त फक्त चौघांना. मॅथ्यूज १ कोटी साडेबत्तीस लाख, नीलँडर १ कोटी १५ लाख, तव्हारेस १ कोटी १० लाख, मार्नर १ कोटी ९ लाख. चौघांत सगळ्यात कमी कोणाला? मार्नरला. आणि सगळ्यात जास्त पॉइंट कोणाचे? परत तोच. उरलेल्या पैशात बाकीची अख्खी टीम बसवायची, मग गेम सेव्हनला तिसरी-चौथी लाइन दमलेली दिसते तर त्यात नवल काय? हे गणित मांडणारे ऑफिसात बसतात, त्यांची जर्सी नसते, त्यामुळे ती कोणी बर्फावर फेकत नाही. टीमचा प्रेसिडेंट ब्रेंडन शॅनाहनला काढलं म्हणा मे महिन्यात. अकरा वर्षांनी!

आता तुम्ही म्हणाल मग तुझं म्हणणं काय, ट्रेड करायचाच, म्हणजे मार्नर दुसऱ्या टीमला द्यायचाच नव्हता का. नाही, तसं नाही. ट्रेड करायचा तर वेळेवर करायचा होता. २०२३ च्या १ जुलैला त्याचा नो-मूव्ह क्लॉज लागू झाला, म्हणजे त्या दिवसापासून त्याच्या परवानगीशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं. हे कॉन्ट्रॅक्टमध्ये २०१९ पासून लिहिलेलं होतं, काही गुप्त नव्हतं. आणि नेमक्या त्या मे महिन्यात यांनी काय केलं, तर जनरल मॅनेजर डुबासला घालवला आणि खुर्ची रिकामी. त्याच्या जागी ट्रेलिव्हिंग आला ३१ मेला, हातात महिना. तेव्हा विकला असता तर दोन चांगले खेळाडू आणि वर ड्राफ्ट पिक मिळाले असते, जग रांगेत उभं होतं. तेव्हा नाही. मग या मार्चमध्ये, ट्रेडच्या डेडलाइनच्या तोंडावर, त्याला विचारतात की बाबा कॅरोलायनाला जातोस का, त्यांच्या रांटानेनच्या बदल्यात. तो नाही म्हणाला. घरात पहिलं बाळ येणार होतं त्याच्या. तुम्ही गेला असतात? आमच्या ऑफिसात एकाला कॅलगरीला बदली दिली तर त्यानं चार महिने तोंड पाडलं होतं, आणि त्याला मूलबाळ काही नव्हतं.

रागाच्या भरात सोनं मोडायला गेलं की सराफ जो भाव देईल तो घ्यावा लागतो. इथे तर भाव करायलाही वेळ नव्हता, आज १ जुलै, आज कॉन्ट्रॅक्ट संपून तो फ्री एजंट झाला असता आणि फुकट गेला असता. त्याला आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट फक्त जुनी टीमच देऊ शकत होती, नवी टीम सातच, म्हणून काल आपल्या टीमने सही करून घेऊन व्हेगसला दिला आणि त्या एका जादा वर्षाच्या बदल्यात रॉय आला. अगदीच हात हलवत आले नाहीत, हे ट्रेलिव्हिंगला दिलं पाहिजे. दिलं. बास.

आणि ते व्हेगसवाले हुशार. नेवाडात स्टेट इन्कम टॅक्स नाही, आणि आमच्यासारखे बेसमेंटमध्ये बसून दुसऱ्याच्या पोराची जर्सी काढायला लावणारे लोकही बहुतेक नसतील.

आपलाच जुना खेळाडू फिल केसल आठवतो का? २०१५, हीच तारीख, १ जुलै. त्यालाही असंच 'जाड आहे, आळशी आहे, मोठ्या मॅचला कामाचा नाही' करून घालवला पिट्सबर्गला. पुढच्याच वर्षी त्याने स्टॅन्ली कप उचलला. त्याच्या पुढच्या वर्षी परत उचलला. इथल्या लोकांनी त्यातून काय शिकलं ते आज ग्रुपवर दिसतंय.

एकाने पार्कात मला अडवलंच. म्हणाला, फ्लोरिडाने काय केलं बघ ना. २०२२ ला लीगमध्ये पहिले आले, दुसऱ्या राउंडला टॅम्पाने चार-शून्य धुतलं, तर त्यांनी ११५ पॉइंटवाला ह्युबर्डो देऊन टाकला, मॅथ्यू टकाचक आणला, आणि आता लागोपाठ दोन कप. २०२४ आणि २०२५. काय बोलणार यावर, खरं आहे, जमलं त्यांना. पण त्यांच्या हातात टकाचक आला हो! आपल्या हातात काय आलं ते मी वर लिहिलंय. (आणि टकाचक देणारा तेव्हाचा कॅलगरीचा जनरल मॅनेजर कोण, तर आपलेच ट्रेलिव्हिंग साहेब. असो.)

आता जरा वेगळं. बेसमेंटवाला हा जो मित्र आहे ना, तो कट्टर मुंबई इंडियन्स. २०२३ च्या डिसेंबरमध्ये रोहितची कॅप्टनशिप काढून हार्दिकला दिली तेव्हा या माणसाने दोन दिवस स्टेटस काळा ठेवला होता. 'निष्ठा नावाची गोष्ट राहिली नाही', 'ज्यानं पाच कप दिले त्याला असं वागवता'. वानखेडेवर हार्दिकला हुर्यो दिली तेव्हा इथे मिसिसागात टाळ्या वाजवत होता. ती टीम त्या वर्षी तळाला गेली तर म्हणाला, भोगा. हो, मार्नरने पाच काय एकही कप दिलेला नाही, फरक आहे, कळतो मला. पण विराटने तरी कुठे दिला होता इतकी वर्षं? महिन्यापूर्वी ३ जूनला आरसीबी जिंकली, अठराव्या सीझनला, आणि या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, 'बघा, एका टीमला धरून राहिलं की असं होतं'. तेच लोक, तोच ग्रुप. तिथे धरून राहायचं आणि इथे पेढे.

मला वाटतं इथल्या टीमवर आपण प्रेम उसनं करतो. आपण इथे आलो, थंडीत काहीतरी बघायला पाहिजे म्हणून हॉकी बघायला लागलो, जिंकले की आपले, हरले की 'हे लोक असेच'. पण आमच्या पोरांचं तसं नाही. माझा मुलगा इथे जन्मला, हाऊस लीगमध्ये शनिवारी पहाटे बर्फावर उतरतो, आणि तो गोल मारणारा नाही, पास देणारा आहे. त्याच्या कोचने त्याला मार्नरचे व्हिडिओ बघायला सांगितले होते, न बघता पास कसा देतात, पेनल्टी किलला, म्हणजे आपला एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, काठी कुठे ठेवतात. फेब्रुवारीत फोर नेशन्स या चार देशांच्या स्पर्धेच्या फायनलला ओव्हरटाइममध्ये मॅकडेव्हिडने अमेरिकेला हरवणारा गोल मारला, सगळा देश मॅकडेव्हिड मॅकडेव्हिड करत होता, आणि आमचा हा सोफ्यावर उभा राहून सांगतोय, 'बाबा, पास बघ, पास मार्नरचा आहे!' या पोराला सांगायचं की काढ जर्सी.

त्याला दोन वर्षांनी दुसरा कोणी आवडेल, पोरं विसरतात, हेही मला माहितीये. कदाचित मीच जास्त मनाला लावून घेतलंय. पण २०२२ ला गेम सेव्हन हरल्यावर दोनच दिवसांत इटोबिकोच्या एका थिएटरबाहेर मार्नरची गाडी शस्त्र दाखवून पळवून नेली होती आणि त्यावरही लोकांनी 'प्लेऑफमध्ये पक असाच सोडतो' वगैरे जोक केले होते. तेव्हा तो पंचविशीतला पोरगा होता. इतकं काय वाईट केलं होतं त्यानं आपलं? चौथ्या नंबरवर घेतला गेला, आपल्याच गावच्या टीममध्ये नऊ वर्षं खेळला, जेवढे पैसे देऊ केले तेवढे घेतले. तुम्ही इन्क्रिमेंट परत करता का?

हो, तव्हारेसने परवा कमी पैशात सही केली, ४४ लाखांच्याही आत, घरच्या टीमसाठी. मोठं मन. पण तो चौतीस वर्षांचा आहे आणि आधीची सात वर्षं १ कोटी १० लाखांनी घेऊन झालेली आहेत त्याची.

आता लिस्टमध्ये पुढचा मॅथ्यूज आहे, लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये काही कमी-जास्त झालं की चौतीस नंबरवाल्यालाही मिसळ घशाखाली उतरणार नाही. तोपर्यंत निदान त्या निकोलस रॉयला तरी सुखाने खेळू द्या. त्याची लायकी वर्षाला ३० लाखांच्या सेंटरची आहे, तो तेवढं काम चोख करेल, २०२३ ला व्हेगसबरोबर कप जिंकलेला माणूस आहे. ऑक्टोबरमध्ये त्याने पहिले चार चान्स घालवले की 'याच्यासाठी मार्नर दिला?' म्हणून ओरडायला तुम्हीच उभे राहणार आहात, आज पेढे खाणारे. त्याने नव्हता मागितला ट्रेड.