‘क्रीम विकायला मुकुट दिले’ हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांसाठी

गेल्या रविवारी माझ्या भाचीने आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे ती, कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीत ‘मिस फ्रेशर’ झाली, ताईची जांभळी पैठणी नेसलेली आणि त्यावरून तो सॅटिनचा सॅश, पिन नीट न लागल्यामुळे एका बाजूला घसरलेला. इतकी गोड दिसत होती. तासाभरात आमच्या मोठ्या काकांनी त्या फोटोखालीच तो लांबलचक मेसेज टाकला, जो तुम्हालाही कधी ना कधी आलाच असेल.

मेसेज थोडक्यात असा: १९९४ ते २००० मधे भारताच्या मुलींना मिस वर्ल्ड, मिस युनिव्हर्स मिळाले ते विदेशी क्रीम कंपन्यांना आपला बाजार हवा होता म्हणून. त्याआधी कुणी आपल्याला विचारत नव्हतं. बाजार ताब्यात आला आणि २००० नंतर मुकुट बंद. आपल्या आज्या-पणज्या मेथीच्या पाण्याने आणि मातीने न्हायच्या, यांनी त्यांना शांपू-लिपस्टिकच्या नादी लावलं. स्पर्धेतल्या मुली म्हणजे पाठ केलेली उत्तरं बोलणाऱ्या बाहुल्या, आणि ‘वरपर्यंत पोचायला काय करावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे’. आपल्या लेकींना वाचवा. खाली हात जोडलेले.

त्यावर तीन जणांचे अंगठे आले. रात्री बघितलं तर भाचीने फोटो डिलीट केलेला. ताई म्हणाली जेवली पण नाही नीट. म्हणून हे लिहितेय, आणि मुद्द्यांनुसार लिहितेय, कारण काकांना ‘भावनेच्या भरात बोलू नको, मुद्द्याचं बोल’ असं म्हणायची सवय आहे.

सगळ्यात आधी ते ‘त्याआधी कुणी विचारत नव्हतं’. हे साफ खोटं आहे आणि ते खोटं ठरवणारी बाई मुंबईची आहे. रीटा फारिया. गोव्याकडच्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात म्हणजे आपल्या जेजेत डॉक्टरकी शिकणारी. नोव्हेंबर १९६६ मधे लंडनला मिस वर्ल्ड झाली, हा किताब मिळवणारी पहिली आशियाई. नेसायची साडी उसनी आणली होती, स्विमसूट मिस इंडिया झालेल्या पर्सिस खंबाटाकडून मागून घेतला होता. आता १९६६ साल आठवा, ज्यांना आठवतंय त्यांनी तरी. त्याच जूनमधे रुपयाचं अवमूल्यन झालं होतं, बिहारमधे दुष्काळ, रेशनवर अमेरिकेतून पीएल-४८० या मदत योजनेत आलेला गहू, आणि बाहेरून साधी चैनीची वस्तू आणायची म्हणजे परवाने आणि परकीय चलनाची मारामार. त्या भारतात कोणती विदेशी कंपनी कोणतं क्रीम विकणार होती? आणि पुढे या बाईंनी काय केलं, तर मॉडेलिंग-सिनेमा वर्षभरात सोडला, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधे शिक्षण पूर्ण केलं, डॉक्टर झाल्या, लग्न करून आयर्लंडला स्थायिक झाल्या. ज्यांना ‘बाहुली’ म्हणायचंय त्यांनी हे वाचून मग म्हणावं.

त्याच्याही आधी, १९५२ ला मिस युनिव्हर्स पहिल्यांदा झाली तेव्हासुद्धा भारताची स्पर्धक तिथे होती. इंद्राणी रहमान, शास्त्रीय नर्तकी, लग्न झालेली आणि एका मुलीची आई.

मेसेजमागची समजूत अशी की १९९१ ला बाजार उघडला आणि लगेच मुकुट मिळाले, तर आता ते बघू. जुलै १९९१ ला मनमोहन सिंगांचं बजेट आलं. मग १९९२ ला कोण गेलं? मधू सप्रे, नागपूरची, आपली मराठी मुलगी, खेळाडू. बँकॉकला मिस युनिव्हर्समधे शेवटच्या तिघींत पोचली. तिला विचारलं की तुम्ही देशाच्या नेत्या झालात तर काय कराल, आणि तिने सांगितलं की खेळाचं मोठं मैदान बांधेन, कारण आमच्याकडे खेळायला सोयी नाहीत. गरिबीबद्दल गोड गोड बोलायचं सोडून मनात होतं ते बोलली. तिसरी आली. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला गेला. नामिबियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि तिथली लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. बाजारासाठी मुकुट वाटायचे असते तर त्या रात्री नामिबिया की भारत, हा निवड करायला अवघड प्रश्न होता का? ‘पाठ केलेली उत्तरं’ या आरोपालाही मधू सप्रेचं ते उत्तर पुरेसं आहे. पाठ केलेलं असतं तर असं नसतं आलं. पुढच्या वर्षी नम्रता शिरोडकर गेली, ती शेवटच्या सहांत येऊन थांबली.

मी एका रात्री बसून दोन्ही स्पर्धांच्या विजेत्यांची वर्षवार यादी काढली. खरं तर ही एवढी यादीच पुरे आहे, बाकी कशाची गरज नाही. ब्राझील हा सौंदर्यप्रसाधनांचा जगातला एक प्रचंड बाजार, तिथल्या बायका मेकअपवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतात. त्यांना मिस वर्ल्ड एकदाच, १९७१ ला. मिस युनिव्हर्स १९६३ आणि १९६८, त्यानंतर काहीच नाही. जपान, एवढा मोठा बाजार, मिस वर्ल्ड एकदाही नाही. आणि आइसलँडला मिस वर्ल्ड तीन वेळा, १९८५, १९८८, २००५. आइसलँडची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत-बाहेर आहे, आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत त्याहून जास्त माणसं राहतात. मिस वर्ल्डमधे आपल्याइतकेच म्हणजे सहा किताब व्हेनेझुएलाचे आहेत, शिवाय मिस युनिव्हर्सचे सात वेगळे, त्यातले २००८ आणि २००९ लागोपाठ. व्हेनेझुएलाचा बाजार भारताएवढा आहे का?

दुसरं असं की मिस वर्ल्ड आपल्याकडे तीनदा भरली. १९९६ ला बंगळुरूला, तेव्हा एवढी आंदोलनं झाली की स्विमसूटचा भाग सेशेल्सला न्यावा लागला. जिंकली ग्रीसची आयरिन स्क्लिवा. मार्च २०२४ मधे मुंबईत, जिंकली चेक प्रजासत्ताकाची, आपली सिनी शेट्टी शेवटच्या आठात थांबली. मे २०२५ ला हैदराबादला, जिंकली थायलंडची, आपली नंदिनी गुप्ता पहिल्या वीसात. बाजाराला खूश करायचं असतं तर घरच्या प्रेक्षकांसमोर करणार नाहीत का? तीन संधी होत्या, एकदाही नाही.

‘२००० नंतर बंद’ हे तर लिहिणाऱ्याने गूगलही केलेलं नाही. २००८ ला पार्वती ओमनाकुट्टन मिस वर्ल्डमधे दुसरी आली, २०१७ ला मानुषी छिल्लर जिंकली (ही पण मेडिकलचीच विद्यार्थिनी), २०२१ ला हरनाझ संधू मिस युनिव्हर्स झाली. पुढे जाऊया.

यात जे खरं आहे ते मी मान्य करते, मला आवडत नसलं तरी. १९९४ ते २००० या सात वर्षांत दोन्ही स्पर्धांचे मिळून चौदा किताब, त्यातले सहा भारताचे, हे प्रमाण खरंच डोळ्यात भरण्यासारखं आहे. कंपन्यांनी त्याचा फायदा घेतला हेही खरं, लॉरेआल १९९४ ला आली, रेव्हलॉन १९९५ ला, आणि जाहिरातीत याच मुली दिसायला लागल्या. मुळात मिस युनिव्हर्स सुरूच केली एका स्विमसूट कंपनीने, तेव्हा धंदा नाहीच असं कोण म्हणेल? परीक्षकांवर संशय येण्यासारख्या गोष्टीही घडल्यात. १९७० ला ग्रेनाडाची जेनिफर हॉस्टन जिंकली आणि त्याच परीक्षक मंडळात ग्रेनाडाचे तेव्हाचे सरकारप्रमुख बसले होते. चीनला दोन वेळा मिस वर्ल्ड मिळालं, २००७ आणि २०१२, दोन्ही वेळा स्पर्धा चीनमधेच होती. आणि रीटा फारियांना जिंकल्यावर महिन्याभरात अमेरिकन विनोदी कलाकार बॉब होपच्या ताफ्याबरोबर व्हिएतनामला अमेरिकन सैनिकांसमोर नेलं, त्यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. मुलींना वापरून घेतात, हो, घेतात. पण जिंकलेल्या मुलीला कंपनीने वापरणं वेगळं आणि कंपनीने मुलीला जिंकवणं वेगळं, पहिल्याचे पुरावे आहेत म्हणून दुसरं सिद्ध होत नाही. त्या सात वर्षांचं कारण शोधायचं तर मुंबईत शोधा, तेव्हा मिस इंडियावाल्यांनी मुलींना आधी महिनाभर घासून तयार करायला सुरुवात केली, उच्चार, चालणं, व्यायाम, उत्तर देणं, साबिरा मर्चंटसारखी माणसं शिकवायला. व्हेनेझुएला हेच कितीतरी आधीपासून करत होता. ज्या देशांनी अभ्यास केला ते जिंकले.

मेथीच्या पाण्याचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण तो काकांनी ठळक करून पाठवला होता. हे वाक्य कुठून आलं माहितीये? एप्रिल २०१८ मधे त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिप्लब देव हेच भाषणात बोलले होते, की पूर्वी आपल्या बायका शांपू वापरत नसत, मेथीच्या पाण्याने केस धूत, मातीने अंघोळ करत, आणि स्पर्धावाले मार्केटिंग माफिया आहेत. ऐश्वर्याचं ठीक आहे पण डायना हेडनला (१९९७ ची मिस वर्ल्ड) कसा काय किताब मिळाला, असंही म्हणाले. डायना सावळी आहे. तिने तेव्हा सरळ सांगितलं की गव्हाळ-सावळ्या रंगाच्या या हेटाळणीशी मी लहानपणापासून लढतेय. नंतर देवांनी दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे ज्याने म्हटलं त्याने माघार घेतली आणि आपण अजून पुढे ढकलतोय.

गोरेपणाचं वेड काय १९९४ ला विमानातून उतरलं? अफगाण स्नो मुंबईत १९१९ पासून मिळायचा. लॅक्मे टाटांनी १९५२ ला काढली. फेअर अँड लव्हली बाजारात आलं १९७५ ला, ऐश्वर्या तेव्हा दोन वर्षांची होती. आमच्या आजीच्या फळीवर शिकेकाई होती, तशीच स्नोची बाटलीही होती. आणि ‘वधू पाहिजे, गोरी, उंच, सडपातळ’ हे कुठल्या विदेशी कंपनीने छापलं? आपणच छापत होतो, दर रविवारी.

काका, आता तुमच्याशीच बोलते. २००० साली, ज्या वर्षी लारा आणि प्रियंका दोघी जिंकल्या, त्याच वर्षी आपल्या ताईला बघायला कोल्हापूरची मंडळी आली होती. आठ दहा माणसं, पोह्यांच्या बशा, आणि ताई मान खाली घालून पाटावर. मुलाच्या मामांनी उंची विचारली, पाच फूट दोन म्हटल्यावर त्यांना पटेना. तुम्ही तिला उठवलंत, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलंत आणि डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलने खूण केलीत, टेपने मोजून सगळ्यांना दाखवलंत. मग ‘जरा त्या खोलीपर्यंत चालत जाऊन ये गं’. मी तेरा वर्षांची होते, पाण्याचे तांबे घेऊन उभी. ती खूण अजून आहे, मागच्या दिवाळीला रंग दिला तरी खाली चर दिसते. ताईने फॉर्म भरला नव्हता, तिला कुणी सॅश दिला नाही, ‘नाही’ म्हणायची मुभाही नव्हती. त्यांचा नकार आला, कारण कळवलं ‘रंग थोडा कमी’.

म्हणून मेसेजमधलं ते वाक्य, ‘काय करावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे’, ते मला सहनच होत नाही. कुणाला माहीत आहे? काय माहीत आहे? एका तरी विजेतीबद्दल पुरावा? मिस इंडियासाठी सुश्मिताचा गाऊन सरोजिनी नगरमधून कापड आणून घराजवळच्या साध्या टेलरने शिवला होता आणि हातमोजे चक्क पायमोज्यांचे केले होते, हे तिने स्वतः टीव्हीवर सांगितलंय. अशा मुलीवर चिखल उडवायला पुराव्याची गरजच वाटत नाही आपल्याला. आणि जिथे खरोखर काही चुकीचं वाटलं तिथे मुलीच बोलल्यात. हैदराबादहून २०२५ मधे इंग्लंडची स्पर्धक मिस वर्ल्ड अर्धवट सोडून निघून गेली, प्रायोजकांशेजारी बसवून त्यांचं मनोरंजन करायला लावतात असं जाहीरपणे म्हणाली, आयोजकांनी ते नाकारलं. त्याच नोव्हेंबरमधे थायलंडला मिस युनिव्हर्सच्या आयोजकाने मेक्सिकोच्या फातिमा बॉशला सगळ्यांदेखत झापलं, तर ती उठली, आणि तिच्याबरोबर बाकीच्या कित्येकजणी उठून बाहेर पडल्या, आदल्या वर्षीची विजेतीसुद्धा. बाहुल्या अशा उठून जात नाहीत. शेवटी तीच जिंकली, त्यावरूनही वाद झालेत, असोत.

उद्या माझ्या भाचीला या स्पर्धांत जायचंच असेल तर मी तिला करारातली प्रत्येक ओळ वाचायला लावीन. पण इथे तर मुलगी फक्त आईची पैठणी नेसून कॉलेजच्या पार्टीला गेली होती. आणि तिच्या फोटोखाली घरच्याच माणसाने ‘काय करावं लागतं’ लिहिलं.

मी काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, मी कुठे लिहिलंय, मला आला तसा पुढे पाठवला. काका, तो तुमच्या नावाने आला, तुमच्या डीपीसकट. मेसेज अजून ग्रुपवर आहे, तो काढा. आणि तिला फोन करा, ताईमार्फत नको, तुम्ही स्वतः. संध्याकाळी सातनंतर ती हॉस्टेलवर असते.