‘नव्या लॅपटॉपची दुरुस्ती म्हणजे वेडेपणा’ या मजकुराला उत्तर

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की सांगली-मिरजेतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. यंदा तो माझ्याकडे पाच जणांनी पाठवला आणि त्यांतल्या दोघांनी ‘तुमचे यावर काय म्हणणे आहे’ असे विचारले, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. मजकुराचा आशय थोडक्यात असा: ग्राहकांनाच पातळ आणि हलके लॅपटॉप हवे होते, म्हणून कंपन्यांना रॅम (चालू कामाची माहिती धरणारी चिप) सोल्डर करावी लागली, म्हणजे डाग देऊन बोर्डाला कायमची जोडावी लागली, आणि बॅटरी चिकटवावी लागली, सोल्डर केलेले भाग जास्त वेगवान असतात, दुरुस्तीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळ जातो, बाहेरच्या कारागिराकडे मशीन देणे धोक्याचे असते, आणि चार वर्षांत लॅपटॉप जुना होतोच, तेव्हा मिळेल तो स्वस्त घ्यावा आणि बिघडला की टाकून द्यावा.

सांगलीतल्या विश्रामबागेत मी गेली १९ वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. या कामावर माझे घर चालते, हे आधीच सांगितलेले बरे. म्हणून शक्य तिथे कोणालाही पडताळून पाहता येतील अशा गोष्टींच्याच आधारे लिहितो. मजकुरातला एक दावा बऱ्याच अंशी खरा आहे आणि एक भीती रास्त आहे. बाकीचे मला मान्य नाही.

पातळपणाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. २००८ च्या जानेवारीत ॲपलने पहिली मॅकबुक एअर आणली. तिच्यात रॅम मदरबोर्डवरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवरच सोल्डर केलेली होती. सर्वांत जाड भागी ती १९.४ मिलिमीटर भरत असे आणि तिचे वजन १.३६ किलो होते. तिच्याशेजारी फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये आणलेला साडेतेरा इंची लॅपटॉप ठेवून पाहा. त्याची जाडी १५.८५ मिलिमीटर आणि वजन सुमारे १.३ किलो आहे. त्यातली रॅम, एसएसडी (फाइली साठवणारा भाग), बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, एवढेच काय, बाजूचे पोर्टसुद्धा सोबत मिळणाऱ्या एका स्क्रूड्रायव्हरने घरच्या घरी बदलता येतात. म्हणजे ज्या मशीनपासून ‘पातळ हवे तर सोल्डर करावेच लागेल’ हा समज रूढ झाला, त्या मशीनपेक्षा पातळ आणि किंचित हलका असा पूर्ण उघडता येणारा लॅपटॉप प्रत्यक्षात तयार झालेला आहे.

कोणी म्हणेल की ती एक छोटी, वेगळ्या वाटेने जाणारी कंपनी आहे. मग मायक्रोसॉफ्टचे उदाहरण घेऊ. २०१७ च्या सरफेस लॅपटॉपला उपकरणे उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने दुरुस्तीच्या सोयीसाठी १० पैकी शून्य गुण दिले होते, कारण कीबोर्डभोवतीचे कापड फाडल्याखेरीज आत पोहोचताच येत नव्हते. २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत वरचा भाग सुटा करता येऊ लागला आणि एसएसडी बदलता येऊ लागली. या दोन्ही लॅपटॉपची जाडी सुमारे साडेचौदा मिलिमीटरच आहे. पुढे २०२१ मध्ये ‘ॲज यू सो’ या संस्थेने भागधारकांचा ठराव मांडल्यावर कंपनीने दुरुस्तीच्या सोयीचा अभ्यास करण्याचे मान्य केले, आणि २०२४ च्या आवृत्तीला आयफिक्सिटने १० पैकी ८ गुण दिले. ग्राहकांची पातळपणाची आवड या सात वर्षांत कमी झाली नव्हती. फरक पडला तो कंपनीवर आलेल्या दबावामुळे आणि तिच्या निर्णयामुळे.

आता वेगाचा दावा. तो बऱ्याच अंशी खरा आहे आणि तसे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. एलपीडीडीआर प्रकारची रॅम कमी व्होल्टेजवर चालते, बॅटरी वाचवते आणि फार वेगाने माहिती देते. पण त्यासाठी रॅम आणि प्रोसेसर यांमधले मार्ग अगदी आखूड आणि स्वच्छ असावे लागतात. नेहमीच्या स्लॉटमधून, म्हणजे सुटी रॅम बसवण्याच्या खाचेतून जाताना सिग्नल बिघडतो. २०२० मधल्या ॲपलच्या एम-१ चिपमध्ये रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली होती आणि त्याचा फायदा वापरणाऱ्यांना दिसला. वर ज्या फ्रेमवर्कचे नाव घेतले, त्याच कंपनीला २०२५ मधल्या आपल्या डेस्कटॉपमध्ये याच कारणाने रॅम सोल्डर करावी लागली आणि तिने ते उघडपणे सांगितले. मात्र त्यावरही उपाय निघाला आहे. स्क्रूने बसणाऱ्या चपट्या मॉड्यूलचे कॅम-२ हे मानक जेडेक या मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यातलाच एलपीडीडीआरसाठीचा प्रकार वापरणारा लेनोव्होचा थिंकपॅड पी-१ पुढच्याच वर्षी बाजारात आला.

माझा आक्षेप या दाव्याच्या गैरवापराला आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी स्वस्त लॅपटॉपांमध्ये साधी डीडीआर-४ रॅम सोल्डर केलेली असते, जी स्लॉटमध्येही तेवढ्याच वेगाने चालली असती. एसएसडीचे तेच. सोल्डर केलेल्या स्टोरेजइतकाच वेग एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये सुटी बसणारी चांगली एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी देते. ॲपलने २०२२ च्या मॅक स्टुडिओ या डेस्कटॉपमध्ये स्टोरेजचे मॉड्यूल सॉकेटमध्येच बसवले आहे. आणि बॅटरीला लावलेल्या गोंदाने किंवा कीबोर्डच्या रिव्हेटांनी (कायमच्या पक्क्या केलेल्या बारीक खुंट्यांनी) कोणत्याही लॅपटॉपचा वेग वाढत नाही. एका चिपपुरते खरे असलेले कारण पूर्ण मशीनला लावले गेले आहे.

खर्चाचा मुद्दा वाचून मला जास्त वाईट वाटले, कारण त्यात परिणामालाच कारण म्हणून पुढे केले आहे. गेल्या वर्षी तासगावची एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर आली होती. कीबोर्डवर चहा सांडून पाच-सहा की बंद पडल्या होत्या, बाकी मशीन उत्तम स्थितीत होते. दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत हे वीस मिनिटांचे काम असे: वरच्या खाचा दाबायच्या किंवा मागचे दोन-तीन स्क्रू काढायचे, कीबोर्ड उचलायचा, पट्टी सोडवायची आणि नवा बसवायचा. या लॅपटॉपात कीबोर्ड प्लॅस्टिकच्या बारीक रिव्हेटांनी वरच्या कव्हरला वितळवून पक्का केलेला होता. कंपनीच्या सेवा केंद्राने सुटा कीबोर्ड मिळत नाही, टचपॅडसह पूर्ण पामरेस्ट (हात टेकवण्याचा वरचा भाग) बदलावा लागेल असे सांगून जो आकडा दिला, तो ऐकून ते वडील नवीन लॅपटॉपसाठी सोसायटीचे कर्ज काढण्याच्या विचारात होते. मी ते सगळे रिव्हेट एकेक करून कापले, बाहेरून आणलेला सुटा कीबोर्ड बसवला आणि सोल्डरिंग आयर्नने टोके पुन्हा वितळवून घट्ट केली. त्यात माझी दुपार गेली. कीबोर्ड होता दीड हजाराच्या आतबाहेर. मजुरी धरूनही बिल सेवा केंद्राच्या आकड्याच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी झाले. दुरुस्ती महाग होती हे खरेच, पण ती महाग झाली ती त्या रिव्हेटांमुळे आणि सुटा भाग न विकण्याच्या धोरणामुळे. चहाचा त्यात दोष थोडा होता.

मजकुरात माहितीच्या सुरक्षिततेबद्दल एक शब्दही नाही, आणि सांगलीत बसून ते वाचताना मला ते फार खटकले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर दोन महिने माझ्याकडे गाळाने भरलेली मशीन येत होती. व्यापाऱ्यांचे हिशेब, एका वकिलांची प्रकरणे, लग्नांचे फोटो. मदरबोर्ड बहुतेकांचे गेले होते. तरी ज्यांच्यात डिस्क किंवा एसएसडी सुटी होती, त्यांतल्या बऱ्याच जणांची माहिती आम्ही ती डिस्क काढून, स्वच्छ करून, वाळवून दुसऱ्या मशीनला जोडून परत मिळवू शकलो. ज्या थोड्या मशीनमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेले होते, तिथे बोर्ड जिवंत केल्याशिवाय माहितीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता, आणि गाळाच्या पाण्याने खाल्लेला बोर्ड क्वचितच जिवंत होतो. २०२१ च्या पुरात तोच अनुभव पुन्हा आला. क्लाउडवर प्रत ठेवावी हे मीही प्रत्येकाला सांगतो, पण ती ठेवलेली नसते तेव्हा सुटी एसएसडी हाच शेवटचा आधार असतो.

बाहेरच्या कारागिराकडे देणे धोक्याचे, ही भीती मी रास्त म्हणालो. फुगलेली लिथियम बॅटरी चुकीच्या पद्धतीने खरवडली तर पेट घेते, आणि बाजारात भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह नसलेल्या बॅटऱ्याही मिळतात. ग्राहकाने ते चिन्ह मागून बघावे आणि जुना भाग परत घ्यावा. पण हा धोका वाढतो कशाने, तेही पाहिले पाहिजे. कंपनी मूळ बॅटरी सुटी विकत नाही आणि बोर्डाचा सर्किट आराखडा देत नाही, तेव्हा प्रामाणिक कारागिरालाही मिळेल तो भाग आणि कुठून तरी मिळवलेला आराखडा वापरावा लागतो. बॅटरी गोंदाऐवजी चार स्क्रूंवर बसवली असती, तर खरवडण्याचा प्रश्नच आला नसता.

चार वर्षांत लॅपटॉप जुना होतो, यात लॅपटॉपपेक्षा सॉफ्टवेअरचा भाग मोठा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींमुळे अनेक चांगली मशीन अडचणीत आली, हे खरे आहे. त्यांतल्या बऱ्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली उत्तम चालते आणि शिकणाऱ्या मुलांना ते उपयोगाचेही आहे. पर्यावरणाबद्दल एवढेच सांगतो, की लॅपटॉपच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच घडून गेलेला असतो, त्यामुळे नवा लॅपटॉप कमी वीज खातो म्हणून जुना टाकण्याचा हिशेब जुळत नाही.

‘आता सगळीकडे असेच चालते’ हे मजकुरातले शेवटचे वाक्यही वस्तुस्थितीला धरून नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून विक्रेत्याला लॅपटॉपवर दुरुस्तीचे १० पैकी गुण लावावे लागतात. युरोपीय संघाच्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता येतील अशा असाव्या लागणार आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या २०२३ च्या कायद्याने १०० डॉलरवरच्या उपकरणांचे भाग आणि माहितीपुस्तिका सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यावर माहिती एका ठिकाणी मिळते, पण सुटे भाग विकण्याची सक्ती त्यातून होत नाही.

त्यामुळे ‘मिळेल तो स्वस्त घ्या’ या सल्ल्याऐवजी माझे सांगणे असे आहे. दुकानात पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. डेल, एचपी आणि लेनोव्हो त्या अनेक मॉडेलांसाठी मोफत ठेवतात. त्यात तीन पाने बघा: रॅम, एसएसडी आणि बॅटरी बदलण्याची. रॅमचे पान नसेल तर ती सोल्डर केलेली आहे असे धरून सुरुवातीलाच १६ जीबी घ्या, कारण नंतर वाढवता येणार नाही. बॅटरीचे किंवा एसएसडीचे पान नसेल, तर तो लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी दुसरा बघा.