"आपसात मिटलं की केस बंद" म्हणे!

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरून येतो: "पोलीस केस झाली तरी घाबरू नका. पाचशेच्या स्टँपवर तडजोड लिहा, फिर्यादी केस मागे घेईल. नाहीतर लोकअदालतीत काहीही मिटतं. तेही नाही जमलं तर प्ली बार्गेनिंग करा आणि सुटा." यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

फिर्यादी केस मागे घेतो? खटल्याचं नाव वाचा: 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. पोलिसांनी गुन्हा दाखल करून खटला उभा केला की तो सरकारचा. फिर्यादी तिथं साक्षीदार. त्याला मिटवता येतात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला, फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम ३५९ मधल्या दोन तक्त्यांतले गुन्हे. साधी मारहाण किंवा घरात घुसणं असेल तर कोर्टाची परवानगी लागत नाही. फसवणूक, म्हणजे जुनी ४२०, असेल तर लागते. तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली की कोर्ट फिर्यादीला स्वखुशीनं मिटवताय का, हे विचारतं. तडजोड मंजूर झाली की आरोपी निर्दोष सुटतो. बरेच जण इथं दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि तडजोडपात्र (आपसात मिटवता येतो असा) यांची गल्लत करतात. फसवणूक दखलपात्र आहे, तरी मिटते.

तक्त्यात नसलेला गुन्हा मात्र खालच्या कोर्टात मिटत नाही. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं ४९८अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हे याचं ठळक उदाहरण. नवरा-बायकोचं जमलं, तर गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ग्यान सिंग खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयानं ही वाट मान्य केली, पण खून, बलात्कार, दरोडा यांना ती बंद ठेवली.

आणि स्टँप पेपर? राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा, पोक्सोखाली (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा होता. मुलीच्या वडिलांनी 'गैरसमजातून तक्रार दिली' असं स्टँपवर लिहून दिलं. उच्च न्यायालयानं तडजोडीवरून गुन्हा रद्दही केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला आणि खटला पुन्हा उभा राहिला. त्यात मुलगी कुठं होती, हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्यांना पडत नाही.

लोकअदालतीचं थोडक्यात: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तडजोडपात्र नसलेला गुन्हा तिच्या कक्षेबाहेर. गावच्या तंटामुक्त समितीचा कागद तर कोर्टाचा आदेशही नव्हे.

राहिलं प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागणं. २००६ पासून ते आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं, आणि स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत नाही. नव्या संहितेनुसार आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. शिक्षा कमी होते, पण दोषी ठरल्याचा शिक्का बसतोच आणि नेहमीचं अपीलही करता येत नाही.